छत्तीस लाखांचे आठ टक्के

परवा एक जुनी फाईल हाताला लागली आणि त्यातल्या पोटगीच्या केसचा उलटतपास परत वाचला, म्हटलं लिहूनच टाकावं. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, पोटगीची कामं भरपूर असतात. नवरा नोकरदार असला की सोपं जातं, पगारपत्रक मागवायचं, कपाती बघायच्या, झालं. धंदेवाला असला की खरी मेहनत, कारण त्याचं उत्पन्न किती हे त्याच्याशिवाय कुणालाच धड माहीत नसतं.

हा गृहस्थ फॅब्रिकेशनवाला. ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड. बायको माहेरी, मुलगी सहावीत. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा पोटगीचा अर्ज आम्ही जून २०२२ मध्ये टाकलेला, अंतरिम पोटगी मुलीला महिना ५,००० मिळत होती. त्याच्या शपथपत्रात मासिक उत्पन्न २४,००० आणि सोबत इन्कम टॅक्स रिटर्न, वर्षाचं उत्पन्न २,८८,०००. सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोघांनाही मालमत्ता, कर्ज, खर्च, सगळं शपथेवर द्यावं लागतं, धंदा असेल तर त्याचं निव्वळ उत्पन्न पण. पण शपथेवर लिहिलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही ना.

माझी अशील मात्र दुसऱ्याच टोकाला. ती म्हणायची, ताई, त्याच्या खात्यात महिन्याला तीन लाख येतात, मी मोबाईलवर बघितलंय. तिला बसवून समजवावं लागलं की बाई गं, ती उलाढाल आहे, त्यातून लोखंड घ्यायचं असतं, कामावरच्या पोरांचा पगार द्यायचा असतो, आणि आपण तीन लाख म्हणून बसलो तर कोर्ट आपल्या बाकीच्या कागदांवरही विश्वास ठेवणार नाही. ती नाराज झाली, दोन दिवस फोन नाही. मग एक दिवस मुलीच्या खर्चाची वही घेऊन आली. औषधाच्या दुकानाच्या पावत्या चिकटवलेल्या, त्या पावत्यांची शाई उडत चाललेली म्हणून प्रत्येक आकडा तिने निळ्या पेनने वरून गिरवलेला. चष्मा २,२००, स्कूल बस १,३००, ट्यूशन ९००. ती वही मी जपून ठेवली, नंतर तीच पुराव्यात लावली.

मग मी दोन रात्री त्याचाच हिशोब मांडत बसले. जीएसटीची रिटर्न्स कोर्टामार्फत मागवली होती, त्यातून वर्षाची उलाढाल ३६ लाख आणि खरेदी १९ लाख ८० हजार, लोखंड पत्रा रॉड रंग सगळं धरून. दोन कारागीर आणि एक हेल्पर, पगार ४ लाख ४४ हजार. शेडचं भाडं १ लाख ४४ हजार. थ्री फेज मीटरचं लाईट बिल वर्षाचं ९० हजार. टेम्पोचं डिझेल दुरुस्ती मी स्वतःहून एक लाख धरली, त्याच्या बाजूने कमी धरायचं नाही असं ठरवलेलं. सगळं वजा करून ८ लाख ४२ हजार, म्हणजे महिना सत्तर हजाराच्या आसपास.

उलटतपासाच्या दिवशी तो साक्षीदाराच्या कठड्यात उभा, हाताला वेल्डिंगचे डाग, माणूस कष्टाचा होता हे मान्यच आहे. मी विचारलं, २,८८,००० हा आकडा कसा काढला? म्हणाला, सीए साहेबांनी काढला. मी म्हटलं, ३६ लाखांचे ८ टक्के किती होतात? तो गप्प. न्यायाधीश मॅडमनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला, बरोबर २,८८,०००, एक रुपया इकडे तिकडे नाही.

इथेच मला वाटतं खूप जणांचा गोंधळ होतो, वकिलांचासुद्धा. तेव्हाच्या, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ४४एडी मध्ये छोट्या धंदेवाल्याला हिशोबाच्या वह्या ठेवायच्या नसतील तर उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के, हे किमान उत्पन्न धरून रिटर्न भरता यायचं. ती सोय करासाठी आहे. त्या माणसाने खरोखर किती कमावलं हे त्यात कुणी मोजलेलंच नसतं, आणि लेकराची भूक त्या ८ टक्क्यांवर कशी ठरवायची?

पुढचा प्रश्न हप्त्यांचा. टेम्पोचा १४,२००, फ्लॅटचा २१,३००, दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता जाणारे. मिळून ३५,५००, उत्पन्न २४,०००. म्हणाला, भाऊ मदत करतो. भावाकडून आलेली एक एन्ट्री दाखवा म्हणून पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट मी पुढे केलं. तो पानं उलटत राहिला, नंतर म्हणाला, रोख देतो. भावाला साक्षीला आणणार का? नाही.

त्याच्या वकिलांनी एक मुद्दा बरोबर मांडला, बिल्डरकडे अडकलेली बिलं, ती मी पण नाकारली नाही. मॅडमनी उत्पन्न ६०,००० च्या आसपास धरलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलीला महिना १४,०००, अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे २० महिन्यांचा ९,००० चा फरक, १ लाख ८० हजार थकबाकी.

आदेशानंतर त्याचे वकील माझ्याकडे आले, तो मागे उभा. म्हणाले, महिन्याचे चौदा देतो पण थकबाकी एकदम जमणार नाही, शेडचं काम एप्रिल-मे मध्ये असतं, पावसात हात रिकामे. एवढ्या दोन वर्षांत त्याने धंद्याबद्दल सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट, आणि ती मला पटली पण. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, लिहिली, थकबाकी तीन हप्त्यांत, एप्रिल, मे आणि दिवाळीनंतर, पैसे थेट आईच्या खात्यात. सही करताना त्याने विचारलं, चष्म्याचा नंबर वाढलाय का तिचा? वही त्याने कोर्टात बघितली होती. माझी अशील शेजारीच उभी होती, थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, हो, पाव नंबरने वाढलाय.

एप्रिलचा हप्ता १२ तारखेला आला.