अशनी-संग्रहाची नोंद: खरेदीआधीची तपासणी, जानेवारी ते जुलै

जानेवारी

माझ्या टेबलावर आज तीन काळे दगड आहेत. तिन्ही लोहचुंबकाला ओढले जातात, तिन्ही मला ‘उल्कापाषाण’ म्हणून दाखवण्यात आले, आणि माझ्या आजच्या समजुतीप्रमाणे त्यांपैकी एकच खरा अशनी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेला दगड, आहे. पहिला दगड सहारा वाळवंटातून आलेला, दुसरा ‘लोणारची उल्का’ म्हणून एका प्रदर्शनात मिळालेला आणि तिसरा एका ऑनलाइन विक्रेत्याने परत घेण्याच्या अटीवर पाठवलेला आहे. याआधीचे माझे दोन्ही नमुने एका ज्येष्ठ संग्राहकांनी स्वतः निवडून दिलेले होते, त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती आता घ्यायची असे ठरवून या वर्षाची नोंद सुरू करीत आहे.

लोहचुंबकाची कसोटी आपल्याकडे विशेष फसवी ठरते, हे मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते. बहुतेक पाषाण अशनींमध्ये लोह-निकेल मिश्रधातूचे कण असतात आणि म्हणून ते चुंबकाकडे ओढले जातात, हे खरे आहे. पण महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बेसॉल्टवर उभा आहे त्यातही मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात, आणि दोऱ्याला टांगलेले लहानसे चुंबक त्या दगडाजवळही हलते. परदेशी संग्राहकांनी लिहिलेल्या मार्गदर्शनात चुंबक हा पहिला आणि जवळजवळ निर्णायक टप्पा असतो, कारण त्यांच्या आसपासचे चुनखडीचे किंवा वालुकाश्माचे दगड चुंबकाला दादच देत नाहीत. आपल्याकडे मात्र चुंबकाला प्रतिसाद न देणारा दगड बाजूला ठेवण्यापुरताच या कसोटीचा उपयोग आहे.

शक्तिशाली निओडिमियम चुंबक नमुन्याला लावणे मी पूर्णपणे बंद केले आहे. अशनीत त्याच्या मूळ ग्रहाच्या किंवा लघुग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राची खूण शिल्लक असू शकते, आणि हातातल्या चुंबकाचा एक स्पर्श ती पुसून टाकतो. मंगळावरून आलेल्या ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका ७०३४’ या अशनीच्या बाबतीत असेच घडल्याचे संशोधकांना आढळले आहे. अब्जावधी वर्षे टिकलेली नोंद आपल्या कुतूहलापायी नष्ट होऊ नये, असे मला मनापासून वाटते. फ्रिजला लावायचे साधे चुंबक दोऱ्याने टांगून दगडाजवळ नेले, तरी काम भागते.

फेब्रुवारी

हा महिना घनता मोजण्यात गेला. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घेतला, त्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड बारीक दोऱ्याने पाण्यात असा सोडला की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. अशा वेळी काट्यावर जितके ग्रॅम दिसतात तितके घन सेंटिमीटर दगडाचे आकारमान असते. दगडाच्या खाचांमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे पाण्यातच हलवून काढून टाकावे लागतात, नाहीतर आकारमान जास्त आणि घनता कमी दिसते. दुसऱ्या दगडाच्या वेळी माझी ही चूक झाली होती आणि सगळे मोजमाप पुन्हा करावे लागले.

सहारातल्या दगडाचे वजन ८६.४ ग्रॅम आणि आकारमान २५.६ घन सेंटिमीटर भरले, म्हणजे घनता सुमारे ३.३८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ‘लोणारचा’ दगड १४३ ग्रॅम, आकारमान ४९.५, घनता २.८९. तिसरा दगड ११८.६ ग्रॅम, आकारमान २३.९, घनता ४.९६. सर्वसाधारण कॉन्ड्राइट, म्हणजे बारीक गोल दाणे असलेल्या पाषाण अशनींची घनता साधारण ३.२ ते ३.८ च्या दरम्यान असते, लोह अशनींची ७.५ च्या पुढे जाते आणि आपला बेसॉल्ट २.९ च्या आसपास राहतो. तिसऱ्या दगडाचा आकडा कॉन्ड्राइटला फार जास्त आणि लोह अशनीला फार कमी होता, पण मॅग्नेटाइट किंवा हेमॅटाइट या लोहखनिजांच्या पाचच्या पुढच्या घनतेच्या अगदी जवळचा होता. मग जुन्या पांढऱ्या कपाच्या बुडाची चकाकी नसलेली कडा घेऊन त्यावर तो दगड हलकेच घासला. पेन्सिलीसारखी ठळक काळी रेघ उमटली. हेमॅटाइट असता तर ती विटकरी आली असती. ही रेघ मॅग्नेटाइटची होती. दगड दुसऱ्याच दिवशी परत पाठवला. विक्रेत्याने पैसे परत केले, मात्र पुढच्याच आठवड्यात तोच दगड त्याच वर्णनासह पुन्हा विक्रीला लागलेला दिसला, आणि त्याचे मला फार वाईट वाटले, कारण तो आता एखाद्या नवशिक्या संग्राहकाकडे जाईल.

पाण्यात बुडवलेला अशनी तसाच ठेवला तर आतल्या धातूला गंज चढतो. म्हणून मोजमाप झाल्यावर नमुना शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून काढावा आणि कोमट, कोरड्या जागी दोन दिवस ठेवावा.

मार्च

लोणारच्या दगडाबद्दल वेगळी नोंद करणे मला आवश्यक वाटते, कारण हा प्रकार आपल्याकडेच चालतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने झाले, याबद्दल आता शंका राहिलेली नाही. तिथल्या खडकातील मास्केलिनाइट हा आघातातच तयार होणारा काचसदृश पदार्थ त्याचा भक्कम पुरावा आहे. पण तो आघात करणाऱ्या अशनीचा एकही तुकडा तिथे मिळालेला नाही. विवराभोवती सापडणारी काळी काच आणि तिचे बारीक गोल थेंब म्हणजे आघाताच्या उष्णतेने वितळलेला आपलाच दख्खनचा बेसॉल्ट आहे. भूविज्ञानाच्या दृष्टीने ही काच फार मोलाची असली, तरी ती पृथ्वीवरचीच आहे. शिवाय हे विवर राष्ट्रीय भूवारसा स्थळ असल्याने तिथला दगड उचलून विकणे हेच मुळात गैर आहे. तेव्हा ‘लोणारची उल्का’ अशी चिठ्ठी लावलेला दगड कोणी दाखवला, तर तपासणीची वेळही वाचवता येते.

माझ्याकडच्या दगडाचा एक कोपरा मी ४००, ८०० आणि १५०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरवर क्रमाक्रमाने घासून करंगळीच्या नखाएवढी खिडकी केली. दहापट भिंगाखाली फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक काड्या आणि दोन-तीन गोल पोकळ्या दिसल्या. धातूचा एकही कण नव्हता. वायूच्या बुडबुड्यांमुळे झालेल्या अशा पोकळ्या लाव्हारसात आणि भट्टीतल्या मळीत सर्रास दिसतात, अशनीत त्या जवळजवळ कधीच नसतात.

सहारातल्या दगडाची खिडकी मात्र पाहत राहावी अशी निघाली. गंजामुळे तपकिरी झालेल्या पार्श्वभूमीवर चांदीसारखे चमकणारे, वेड्यावाकड्या आकाराचे धातूचे कण विखुरलेले होते आणि त्यांच्यामध्ये मोहरीच्या दाण्याएवढे, काही पूर्ण गोल तर काही तुटलेले कॉन्ड्रूल दिसत होते. हे गोल दाणे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, ग्रह तयार होण्याच्या आधी, सूर्याभोवतीच्या धुळीत वितळून थिजलेले थेंब आहेत आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकात ते नसतात. पितळी पिवळा चमकणारा कण मात्र धातू समजू नये. तो सल्फाइड असतो आणि पृथ्वीवरच्या दगडातही आढळतो.

मे

दगड अशनी आहे हे ठरले, तरी तो विक्रेता सांगतो तोच अशनी आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते खरेदीत जास्त फसगत याच ठिकाणी होते. ओळख पटलेल्या प्रत्येक अशनीचे अधिकृत नाव मिटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सूचीत नोंदलेले असते. तिथे त्याचा वर्ग, एकूण ज्ञात वजन आणि मूळ नमुना कोणत्या संस्थेत ठेवला आहे, हे कोणालाही पाहता येते. वर्गीकरण करून घेणाऱ्याला २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा भाग संस्थेत जमा करावा लागतो. त्यामुळे मी आता विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा न विचारता हा विचारतो: याचे सूचीतले नाव काय आणि कापलेल्या बाजूचा फोटो आहे का?

नाव सांगितले म्हणजे काम संपले, असेही नाही. माझा सहारातला दगड ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका ८६९’ म्हणून विकला गेला होता. हा अशनी मोठ्या प्रमाणावर सापडल्यामुळे बाजारात मुबलक आहे, आणि त्याचमुळे वाळवंटातल्या कोणत्याही अवर्गीकृत कॉन्ड्राइटला हे नाव चिकटवण्याची वाईट सवय काही विक्रेत्यांना लागली आहे. खरा ८६९ हा फिकट आणि गडद तुकडे एकत्र जुळून झालेला ब्रेशिया आहे. माझ्या दगडाची खिडकी मोठी केल्यावरही सगळीकडे एकसारखाच पोत दिसला. म्हणून मी माझ्या चिठ्ठीवरचे नाव खोडून ‘अवर्गीकृत कॉन्ड्राइट, वायव्य आफ्रिका’ असे लिहिले आहे. नमुना खरा आहे, त्याचे नाव खरे नव्हते.

याच महिन्यात एका विक्रेत्याने मला ‘काटोल’चा तुकडा देऊ केला. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात पडलेला हा एल-६ वर्गाचा (कमी लोहाचा, उष्णतेने बराच बदललेला) कॉन्ड्राइट आपल्या मातीवरचा असल्याने मला त्याचा मोह पडला, हे मान्य करतो. पण भारतात पडलेले अशनी जतन करण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, आणि हा तुकडा कोणाकडून कोणाकडे कसा आला याचा एकही कागद विक्रेत्याकडे नव्हता. मी नकार दिला. चंद्राच्या आणि मंगळाच्या अशनींबाबतही माझा तोच नियम आहे. ज्यांना बिहारमधल्या शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या अशनीवरून शेरगोटाइट हे नाव मिळाले, त्या मंगळाच्या दगडांत धातूचे कण नसतातच. त्यामुळे घरातल्या कोणत्याही कसोटीने ते ओळखता येत नाहीत. तिथे प्रयोगशाळेतील वर्गीकरणाशिवाय एक रुपयाही देऊ नये.

जुलै

लोह अशनीचा पहिला नमुना आला: अर्जेंटिनाच्या ‘काम्पो देल सिएलो’चा ६४.२१ ग्रॅमचा तुकडा. तिथे २००७ पासून अशनींच्या निर्यातीवर बंदी असल्याने, तो त्याआधी देशाबाहेर गेलेल्या जुन्या संग्रहातला असल्याचे कागद पाहूनच मी तो घेतला.

घनता ७.७ आली. धातू उघडा करून त्यावर डायमिथाइलग्लायॉक्झिम (निकेल ओळखणारे रसायन) आणि अमोनियाच्या द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा घासला, तेव्हा त्यावर गुलाबी छटा आली. तसेच वेगवेगळे बोळे प्रथम तांबे-निकेलच्या जुन्या रुपयावर आणि साध्या खिळ्यावर घासून मी द्रावण नीट काम करते आहे याची खात्री केली होती. या अशनीत सुमारे ६.७ टक्के निकेल असते. स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असल्याने गुलाबी रंग हा पुरावा नव्हे. रंग न येणे मात्र नकाराला पुरेसे आहे.

नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणाने लोह अशनीची कापलेली बाजू धुतली की एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची विडमानस्टेटनची नक्षी उमटते. दहा लाख वर्षांत काही अंश ते काही हजार अंश इतक्या संथपणे धातू निवला, तरच कामासाइट या कमी निकेलच्या लोह-मिश्रधातूच्या त्या पट्ट्या तयार होतात. अलीकडे स्टीलवर लेझरने अशी नक्षी कोरून विकतात. कापलेल्या चकतीची कड भिंगाखाली पाहावी: खरी पट्टी कडेवरून वळून दुसऱ्या पृष्ठावर चालू राहते आणि चकती तिरकी केली की काही पट्ट्या उजळतात, तर काही काळवंडतात. कोरलेली नक्षी कडेला संपते आणि कोणत्याही कोनातून तशीच दिसते. स्वीडनच्या ‘मुओनिओनालुस्ता’ या लोह अशनीची एक चकती घेण्याचा विचार आहे, आणि विक्रेत्याकडे मी दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो मागितले आहेत. तिच्या पट्ट्या काम्पोपेक्षा खूप बारीक, सुमारे ०.३ मिलिमीटर असायला हव्यात. काम्पोत त्या साधारण तीन मिलिमीटर रुंद असतात.

काम्पोचा तुकडा पावसाळ्यामुळे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवला आहे. या अशनीला गंज लवकर चढतो आणि गंज चढला की वजन वाढते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी तो पुन्हा ०.०१ ग्रॅमपर्यंत तोलून ६४.२१ शी ताडून पाहीन.