माकडताप, सुंगटे आणि डेटाबेसची निवड

गेल्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी आमच्या ग्रंथालयात आली आणि तिने विचारले, "सर, सगळ्यांत चांगला डेटाबेस कोणता?" डेटाबेस म्हणजे शोधनिबंधांच्या नोंदी शोधता येतील असा साठा, आणि हा प्रश्न मला दरवर्षी जून-जुलैमध्ये हटकून विचारला जातो. तिचा प्रकल्प गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील माकडतापावर होता. मी उलट विचारले, "तुला नेमके काय हवे आहे, रुग्ण, गोचीड की माकड?" तिला वाटले, मी थट्टा करतो आहे.

थट्टा मुळीच नव्हती. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली तो प्रथम ओळखला गेला आणि गोव्यात २०१५ साली सत्तरीतील पाली गावात त्याचे रुग्ण आढळले. ऐन काजूच्या हंगामात माणसे रानात वावरतात, गोचीड चावते आणि विषाणू अंगात शिरतो. या एकाच आजाराचे वाङ्मय मात्र तीन निरनिराळ्या घरांत राहते. रुग्णांची लक्षणे, लस आणि निदान यांविषयीचे निबंध वैद्यकीय डेटाबेसमध्ये सापडतात. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचा जीवनक्रम पशुवैद्यक आणि कृषिविज्ञानाच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅब ॲब्स्ट्रॅक्ट्समध्ये अधिक भरभरून मिळतो. आणि वानरांच्या वर्गीकरणाविषयी काही जुने पाहायचे असेल, तर १८६४ सालापासूनच्या प्राणिशास्त्रीय वाङ्मयाची नोंद ठेवणाऱ्या झूलॉजिकल रेकॉर्डला पर्याय नाही. आपला प्रश्न यांपैकी कोणत्या घरचा आहे हे ठरवल्याशिवाय 'सगळ्यांत चांगला' या शब्दांना अर्थ येत नाही.

तिने तोवर गूगल स्कॉलर या गूगलच्या निबंधशोधकावर इंग्रजीत 'मंकी फीवर' असे टाकून पाहिले होते. पानेच्या पाने निकाल आले होते आणि त्यांत माकडांना होणारा हिवताप, पिवळा ताप, प्रयोगशाळेतील माकडांवरचे प्रयोग असे सारे मिसळलेले होते. मी तिला पबमेड या विनामूल्य वैद्यकीय डेटाबेसवर बसवले आणि आजाराचे पूर्ण इंग्रजी नाव टाकायला सांगितले. नंतर प्रगत शोधाच्या पानावर जाऊन, आपण लिहिलेल्या शब्दांचे पबमेडने काय केले, तो तपशील उघडून दाखवला. विद्यार्थी ही खिडकी सहसा उघडतच नाहीत, आणि माझ्या मते सगळे शिक्षण तिथेच आहे. आपण टाकलेला शब्द पबमेड 'मेश' नावाच्या विषयकोशाशी जुळवून पाहते. हा कोश अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० साली प्रथम प्रसिद्ध केला. एखाद्या लेखकाने आजाराचे नाव कोणत्याही तऱ्हेने लिहिलेले असो, निबंधाला ठरावीक मेश शब्द लावलेला असेल तर तो हाती लागतो. ॲनिमिया हा शब्द देवनागरीत एकाच प्रकारे लिहिला जातो, पण इंग्रजीत ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन स्पेलिंगे आहेत. पबमेड ती दोन्ही ओळखते, प्रत्येक डेटाबेस ओळखेलच असे नाही.

तरीही पबमेडवर डोळे मिटून विसंबू नये. त्यातील मोठा भाग मेडलाइनचा, म्हणजे निवडलेल्या आणि मेश शब्द लावलेल्या नियतकालिकांचा असला, तरी पबमेड सेंट्रलमधून थेट आलेल्या कित्येक नोंदींना मेश शब्द नसतात. म्हणून साध्या शब्दांनीही एकदा शोध घ्यावा लागतो. दुसरे असे, की पबमेड आणि पबमेड सेंट्रल ही एकच गोष्ट नव्हे. पहिल्यात प्रामुख्याने नोंदी आणि गोषवारे आहेत, तर २००० साली सुरू झालेल्या दुसऱ्यात पूर्ण निबंध विनामूल्य मिळतात. नोंद म्हणजे पत्ता, निबंध म्हणजे घर, एवढे मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि पुढे जातो.

या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या समितीसमोर एका कंपनीचा प्रतिनिधी आला होता. आपल्या डेटाबेसमध्ये किती कोटी नोंदी आहेत, हे त्याने पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवले आणि मी त्या आकड्याला भुलून वर्गणीची शिफारस केली. पैसे मोजून झाल्यावर सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने त्यात कोकण किनाऱ्यावरील कामाचा शोध घेतला, तेव्हा तिच्या स्वतःच्या निबंधांपैकी एकही त्यात नव्हता. तिने तोंडावर काही म्हटले नाही. पुढच्या बैठकीत मात्र मी तोंड उघडण्याआधीच ती बोलून घेत असे.

तेव्हापासून मी एक साधी कसोटी लावतो. ज्या विषयासाठी डेटाबेस घ्यायचा, त्यातील आपल्या पूर्ण ओळखीचे दहा निबंध आधी कागदावर लिहून काढायचे. काही परदेशी नियतकालिकांतील, काही भारतीय, दोन-तीन तरी गोव्याविषयीचे आणि एखादा तीस वर्षांपूर्वीचा. मग चाचणीसाठी मिळालेल्या महिन्याभरात हे दहा निबंध त्यात आहेत का, हे नुसते शीर्षक टाकून नव्हे, तर विषयाचे शब्द टाकून पाहायचे. शीर्षकाने सापडणारा आणि विषयाने न सापडणारा निबंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने हरवल्यासारखाच असतो. विनामूल्य डेटाबेसलाही हीच कसोटी लागू पडते.

सागरी जीवशास्त्राच्या मुलांची अडचण वेगळी असते, ती नावांची. एक मुलगा पांढऱ्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, काम करत होता आणि फेनेरोपिनियस इंडिकस एवढ्याच नावाने शोधत होता. हे प्रजातिनाम १९९७ साली पिनियस वंशाचे तुकडे झाले तेव्हा रूढ झाले. त्याआधीचे सगळे वाङ्मय पिनियस इंडिकस या नावाने आहे आणि पुढे पुष्कळ अभ्यासक पुन्हा त्याच जुन्या नावाकडे वळले. एकाच नावाने शोधले की अर्धे जाळे फाटकेच राहते. वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज या विनामूल्य नोंदवहीत प्रजातीची मान्य आणि जुनी अशी सर्व नावे मिळतात. ती आधी उतरवून घ्यावीत आणि 'ऑर' (किंवा) या इंग्रजी शब्दाने जोडून मग डेटाबेसमध्ये शिरावे. गोव्याच्या खाड्यांचे आणि किनाऱ्याचे काम असेल, तर दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डिजिटल भांडार आणि विद्यापीठांचे प्रबंध साठवणारी शोधगंगा ही दोन्ही ठिकाणे वगळून चालणारच नाही. मांडवी-झुवारी या नद्यांविषयीचे पुष्कळ तपशील प्रबंधातच राहून जातात.

आरोग्यशाखेच्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. उपचाराचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न असेल तर प्रथम कॉक्रेन लायब्ररीतील पद्धतशीर आढावे पाहावेत. औषधांविषयी आणि त्यांच्या दुष्परिणामांविषयी एम्बेस हा डेटाबेस अधिक खोल आहे, पण त्याची वर्गणी लहान महाविद्यालयाला झेपत नाही. परिचर्येच्या (नर्सिंगच्या) विद्यार्थ्यांनी सिनाहल हा त्यांच्या विषयाचा डेटाबेस पाहावा. गूगल स्कॉलर शेवटी जरूर वापरावे, कारण एखाद्या निबंधाचा पुढे कोणी आधार घेतला, हे त्यात झटकन दिसते. मात्र पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना त्याच्या दारात कोणी अडवत नाही.

नोंद सापडल्यावर प्रश्न उरतो पूर्ण निबंधाचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्य केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सामायिक वर्गणीच्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. योजनेची रचना सरकारी संस्थांसाठी आहे. गोव्यात खासगी व्यवस्थापनाची अनुदानित महाविद्यालये पुष्कळ असल्याने आपले महाविद्यालय यादीत आहे का, हे ग्रंथपालाला आधीच विचारून घ्यावे.

माकडतापवाल्या मुलीने ठरवले की तिला गोचीडच हवी आहे. तिच्या दहांपैकी आठ निबंध पबमेडमध्ये विषयाने सापडले, नववा कॅब ॲब्स्ट्रॅक्ट्समध्ये मिळाला आणि दहाव्याचा फक्त गोषवारा हाती आला. गोषवाऱ्याखाली लेखकाचा ई-मेल होता. मी सांगितले, चार ओळींचे नम्र पत्र लिही. चौथ्या दिवशी निबंध आला, आणि सोबत त्या लेखकाने गोचिडी गोळा करताना केलेल्या नोंदींची एक फाईलही आली, जी कोणत्याच डेटाबेसमध्ये नव्हती.