समुद्रात पोलीस कुठं असतो?

गोव्यातल्या पेडण्यात मी बोटीवरच्या नोकरीविषयी बोलायला लागलो की कुणीतरी विचारतंच, ‘काका, आंतरराष्ट्रीय कायद्याला पोलीस नाही. मग तो पाळतं कोण?’ मी वकील नव्हे, इंजिनियर. त्यामुळे उत्तर इंजिनरूममधलंच देतो.

इंजिनाखाली बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी, तेलकट पाणी साचत राहतं. ते तसंच समुद्रात सोडून देणं सगळ्यात सोपं. १९६७ साली इंग्लंडजवळ टोरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज फुटलं आणि एक लाख टनांहून अधिक कच्चं तेल सांडलं. त्या धक्क्यानंतर जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्यासाठी मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९८३ मध्ये लागू झाला. बिल्जचं पाणी सेपरेटर या तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातून गाळायचं, सोडताना त्यात तेल दहा लाखांत १५ भागांवर नको, आणि प्रत्येक वेळी ऑइल रेकॉर्ड बुकात नोंद करून सही.

भर समुद्रात जहाजावर हुकूम चालतो तो त्याच्या झेंड्याच्या देशाचा, आणि तो असतो हजारो मैलांवर. पण जहाज कधीतरी बंदराला लागतंच. तिथं परका इन्स्पेक्टर वर चढतो, बुकातल्या नोंदी टाक्यांच्या मापाशी ताडून बघतो. मेळ बसला नाही तर जहाज अडकतं. एकदा रात्री मला सेपरेटर टाळून पाइप जोडायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, वरिष्ठांनीही जास्त ताणलं नाही. पुढचं बंदर कडक होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग पावसाळ्याच्या तोंडावर मोरजी-मांद्र्याच्या वाळूत डांबराचे गोळे का येतात? नातीचे पाय खोबरेल लावून पुसताना मला हाच राग येतो. गोळा किनाऱ्याला लागेपर्यंत जहाज केव्हाच निघून गेलेलं असतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रासायनिक तपासणीवरून तेलाचं मूळ शोधतात, पण जुळवायला संशयित जहाजावरचा नमुनाही लागतो.

तरी मी कायद्याला कागद म्हणणार नाही. उपग्रहाला तवंग दिसतो, तिथून कुठली जहाजं गेली हेही कळतं. १९८२ च्या सागरी कायदा करारातलं २१८ वं कलम तर बंदराच्या देशाला आपल्या हद्दीबाहेरच्या सांडणुकीवरही खटला भरू देतं. मात्र ती भारताच्या २०० सागरी मैलांत झाली असेल, तर सहसा तशी विनंती भारतानं करावी लागते. तवंग दिसला त्याच दिवशी ती जायला हवी, जहाज पुढच्या धक्क्याला लागायच्या आत.