शब्द टाकणारी आज्जी

परवा दुपारी बेळगावच्या बाजारात एक काकू आणि भाजीवाली अक्का एकमेकींवर तापल्या होत्या. एकीला कन्नड येईना, दुसरीला मराठी. मध्ये शेजारच्या गाड्यावरचा पोरगा. काकू म्हणाल्या, "लुटायला बसलीय काय म्हणून विचार की तिला!" पोरगा वळून म्हणाला, "अक्का, स्वल्प कडिमे माड्री." म्हणजे, थोडं कमी करा. अक्कानं दुपारी उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल बरंच काही ऐकवलं. पोरग्यानं काकूंना सांगितलं, "पाच रुपये कमी करते म्हणतीय." झालं. मेथी पिशवीत.

याला मध्यस्थी म्हणवत नाही मला. त्या शब्दाला कचेरीचा वास येतो. रदबदलीत जरा हात जोडल्यासारखं वाटतं. आमच्या घरी शब्द टाकायचे. टाकलेला शब्द कुणी झेलला तर ठीक, नाहीतर आपलाच शब्द खाली पडला.

आज्जी त्यात पक्की. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालायचे आणि बाबांची परवानगी काही मिळायची नाही. मग आज्जीला गाठायचं. ती बाबा उपाशी असताना विषय काढत नसे. भाकरी-झुणका वाढायची, दुसरी भाकरी मोडली की म्हणायची, "पोरगं सकाळपासून तोंड पाडून बसलंय. मी काही म्हणत नाही, तू म्हणशील तसं." एवढंच. पुन्हा एक अक्षर नाही. बाबा हात धुताना म्हणायचे, "बाराच्या आत घरात." आम्ही पहाटे यायचो, तेव्हा कडी काढायलाही तीच.

सरकारी मध्यस्थांचा आमचा अनुभव वेगळा. बेळगाव कुणाचं, या सीमावादावर 1966 साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजनांचा एकसदस्य आयोग नेमला. 1967 च्या अहवालानं बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, ठेवलं, महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, आणि 2004 साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. महाजनांना कुणी आधी झुणका-भाकरी वाढली होती की नाही, देव जाणे.

आत्याचं लग्न, काकांची उधारी, भाडेकरूची मुदत, सगळीकडे आज्जीचाच शब्द. तिला स्वतःला मात्र सौंदत्तीला जायचं होतं, यल्लम्माच्या पौर्णिमेला. आजोबा दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. त्यांच्याशी बोलायचं कुणी? घरात असल्या कामाला एकच माणूस होतं.