भाचा हरवला तेव्हा: पोलीस ठाण्यापासून बालकल्याण समितीपर्यंत

'चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत' असं आम्हाला बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने सांगितलं. साफ खोटं आहे. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर नुसती 'मिसिंग' नोंद करून वाट बघायची नाही, गुन्हा दाखल करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्येच 'बचपन बचाओ आंदोलन' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर बजावलंय.

माझा भाचा 13 वर्षांचा. डोंबिवलीत क्लासला म्हणून निघाला तो क्लासला पोचलाच नाही. त्याच रात्री भारतीय न्याय संहितेच्या कलम 137(2) खाली, अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला. 'अज्ञात इसम' ऐकल्यावर ताई मटकन खालीच बसली. हवालदार म्हणाले, "ताई, कोणी पळवलाच असं नाही म्हणत आम्ही. पण हे कलम लागलं की तपासाला लगेच सुरुवात होते."

उपनिरीक्षक मॅडमनी फिर्याद घेताना जे विचारलं, त्यातलं निम्मं आम्हाला सुचलंच नसतं. चपलेचा रंग. दप्तराला कीचेन आहे का. समोरचा दात तुटलाय का. भाऊजींनी वाढदिवसाचा, फिल्टर लावलेला फोटो दाखवला तर त्यांनी मान हलवली. साधा, समोरून काढलेला, अलीकडचा हवा. मग गेममध्ये तो कोणाशी बोलतो, त्या आयडीपर्यंत गाडी गेली. वर्णन वायरलेसवरून इतर ठाण्यांना, लोहमार्ग पोलिसांना आणि आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) गेलं, हरवलेल्या मुलांच्या 'ट्रॅक चाइल्ड' पोर्टलवर नोंद झाली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेऊनच बाहेर पडा.

एवढ्यात न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन. "तुमच्याकडे अँबर अलर्ट नाही का? आमचे तर सगळे फोन एकदम कोकलतात." आपल्याकडे 2023 मध्ये फोन असे कोकलले होते, पण ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. त्याला वाटत होतं तसा अँबर अलर्टही प्रत्येक हरवलेल्या मुलासाठी वाजत नाही. 1996 मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनमधून 9 वर्षांच्या अँबर हॅगरमनला पळवून मारलं गेलं, त्यानंतर तिथल्या रेडिओ केंद्रांनी आणि पोलिसांनी तो सुरू केला. पण अपहरण झाल्याची पोलिसांची खात्री, जिवाला धोका आणि लोकांना ओळखता येईल एवढं वर्णन, हे सगळं जुळावं लागतं. घरातून रागावून निघालेल्या पोरासाठी तो तिथेही बहुधा वाजला नसता.

आमच्याकडे वाजला तो व्हॉट्सॲप. मॅडमनी मजकूर स्वतः सांगितला: फोटो, वर्णन, गुन्हा क्रमांक, ठाण्याचा फोन. 'टोळी', 'पळवून नेलं', 'संशयित गाडी' यातलं काहीही लिहायचं नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार मारलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढचा कागद ओढला. तरी सोसायटीतल्या कुणीतरी स्वतःची आवृत्ती काढलीच. त्यात टोळी होती, आणि खाली नंबर भाऊजींचा.

पोरगा भुसावळ स्टेशनवर आरपीएफला दिसला. मोबाईल काढून घेतला म्हणून उत्तरेच्या गाडीत बसला होता. सापडला म्हणजे लगेच ताब्यात मिळतो, असं मात्र नाही. असं मूल 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, ते कुणाकडे सोपवायचं हे ती समिती ठरवते. आम्ही जळगावला गेलो ते आधार, जन्मदाखला आणि एफआयआरची प्रत घेऊन. समितीच्या बाईंनी ताईला बाहेर बसवून आधी त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं. घरी मारतात का, कुणी फूस लावली का, परत जायचंय का. ताईला ते लागलं. मला पटलं. पोराला खरं बोलायला तीच एक जागा होती.

इथे परतल्यावर जबाब आणि वैद्यकीय तपासणी उरकली. मूल सापडल्यावर त्याचा फोटो फिरवत राहणं बरं नाही, म्हणून सगळ्या ग्रुपवर 'सापडला, कृपया डिलीट करा' टाकलं. परवा अकोल्याहून एकाने भाऊजींना फोन केला, "मुलगा सापडला का हो?" सापडला, आता तो मेसेज पुढे पाठवू नका, असं भाऊजींनी सांगितलं.

"अरेरे," तो म्हणाला, "मी आत्ताच पाच जणांना पाठवला."