हाताला विचार

आपल्या शाळेत कार्यानुभव हा विषय कुणी फारसा मनावर घ्यायचं नाही. खडू बनवा, फिनेल बनवा, जुन्या साडीची बाहुली शिवा, झालं. बाई मात्र घ्यायच्या. बाहुलीची मान लुळी पडली की टाके उसवायला लावायच्या. आम्ही वही उघडली की म्हणायच्या, "कृती वाचू नकोस, हाताला विचार."

पुढे मी नर्सिंग केलं. काही वर्षं सरकारी दवाखान्यात लेबर रूमला ड्यूटी केली आणि मग नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीपायी नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला आले. इथे आपलं नर्सिंग सरळ चालत नाही. आधी भाषा, मग पुन्हा वर्गात बसायचं. अशी मी चाळिशीला टेकलेली बाई, विशीतल्या मुलामुलींबरोबर आरोग्यसेवेचा कोर्स करत होते, आणि आमची सहल निघाली ती गावातल्याच लेर्दाल कंपनीत.

ही कंपनी मुळात खेळण्यांची. ओस्मुन लेर्दाल यांनी १९४० साली सुरू केली. शुभेच्छापत्रं, मुलांची पुस्तकं, लाकडी खेळणी आणि नंतर मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या. बुडणाऱ्याला तोंडाने श्वास द्यायचा सराव करायला माणसाएवढी बाहुली हवी असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा प्लास्टिकची कला या माणसाच्या हातात होतीच. १९६० साली 'रेसुसी अ‍ॅन' आली. आता तिथे डोळे मिचकावणारे, संगणकावर चालणारे पुतळेही आहेत. आमची मुलं त्यांच्याभोवती मोबाइल घेऊन जमली. मला त्यात रस नव्हता. ज्या दवाखान्यात लाइट जाते तिथे त्यांचा काय उपयोग?

मी थांबले ते बाळाच्या टेबलापाशी. गरीब देशांतल्या माता-बाळांसाठी कंपनीने २०१० मध्ये नफा न घेणारी वेगळी शाखा काढली, तिचं हे काम. 'निओनॅटली' ही नुसती रिकामी रबरी बाहुली. तिच्यात दोनेक लिटर कोमट पाणी भरलं की वजन बाळाएवढं होतं, मान पडते, हातपाय लोंबतात. बारीक नळ्यांना जोडलेले फुगे शिकवणाऱ्याच्या मुठीत. एक दाबला की छाती हलते, दुसऱ्याने नाळेत ठोके लागतात, तिसऱ्याने बाळ रडतं. बस्स, ना बॅटरी ना वायर. मी उचलून घेतली आणि अंगावर काटा आला. न रडलेलं बाळ हातात अगदी असंच लागतं.

दहातल्या साधारण एका बाळाला पहिला श्वास घ्यायला मदत लागते. बहुतेकांना पुसून कोरडं केलं, पाठ चोळली की पुरतं. काहींना अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून हवा भरायच्या मुखवट्याच्या पिशवीने, हवा द्यावी लागते, तीही मिनिटाच्या आत. मी काम केलं त्या एका दवाखान्यात अंबू कपाटात आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये असायची. डेडस्टॉकची, म्हणजे सरकारी नोंदवहीतली वस्तू, हरवली तर पगारातून कापतील म्हणून. सिस्टरला तरी काय बोलणार? श्वास न घेणारं पण ठोके चालू असलेलं बाळ मग रजिस्टरमध्ये 'मृत जन्म' म्हणून जायचं. बेळगावकडे बाळंतपण करणाऱ्या कर्मचाऱ्यांना या बाळावर शिकवल्यानंतर मृत जन्म शेकडा ३ वरून २.३ वर आले, हे मी नंतर वाचलं तेव्हा त्यातली गोम मला कुणी समजावून सांगायला नको होती.

मग 'मामानॅटली'. हे पोट एकाने स्वतःच्या अंगावर बांधायचं आणि आतून बाळ, वार, रक्त सगळं आपणच सोडायचं. आई व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मी बांधलं. सुईण झाला आमच्या वर्गातला उंचापुरा मुलगा. मी "आई गं" म्हणून अशी कळ दिली की तो दोन पावलं मागे सरला. बाळ नीट झालं, वारही पडली, तो खूश. मी हळूच आतली गर्भपिशवी मऊ सोडली आणि लाल पाणी चालू केलं. तो चादर बदलतोय, बाळाला गुंडाळतोय, माझ्याकडे बघतच नाही. शेवटी मी "गरगरतंय" म्हटलं तेव्हा त्याचा हात पोटावर आला आणि चोळू लागला. परीक्षेत याच मुलाने पीपीएचचं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं, उत्तर माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं.

टांझानियातल्या हायडमच्या रुग्णालयात हेच दिसलं होतं. एक दिवसाचं शिबिर झालं, बाहुलीवर सगळ्यांना जमलं, पण खऱ्या बाळंतपणात फरक पडला नाही. मग वॉर्डातच बाहुली ठेवून थोडा थोडा, पण वरचेवर सराव सुरू केला, आणि पहिल्या चोवीस तासांत दगावणारी बाळं कमी झाली. आपल्याकडेही २००९ पासून सरकारच्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात हे शिकवतात, शिक्षण चांगलंच आहे. प्रमाणपत्र फाइलला लागलं की बाहुली खोक्यात जाते, दुखणं तिथे आहे. "हे गावातल्या बायकांना जमेल?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मी माझ्या मोडक्या नॉर्वेजियनमध्ये गडचिरोलीचं सांगितलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना घरोघरी बाळं सांभाळायला शिकवलं आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. आपली मान जरा ताठ झाली, खोटं कशाला बोला.

नॉर्वेच्या शाळांत १९६१ पासून मुलांना श्वास द्यायला शिकवतात. आपल्या शाळेच्या महोत्सवात शाळेला काय भेट द्यावी म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चर्चा चालू आहे, कमानीचं पारडं जड दिसतंय. माझी वर्गणी कमानीला नको. त्यातून छाती दाबून शिकायचे दोन पुतळे घ्या आणि आठवी-नववीला द्या. सुट्टीत आले की पहिले तास मी घेईन. आणि हो, पुतळे कपाटात ठेवणार असाल तर किल्ली शिपाईमामांकडे नको, वर्गाच्या मॉनिटरकडे असू द्या.