गायीने दिला की गायीला दिला?

गायीसमोर उकिडवे बसून सीएमटीच्या, म्हणजे कासेचा दाह ओळखण्याच्या चाचणीच्या, पॅडलमधील चार खणांत चारही सडांच्या दोन-दोन धारा घ्यायच्या, त्यांत जांभळट द्रावण घालून पॅडल हलकेच फिरवायचे आणि कोणत्या खणातले दूध जेलीसारखे घट्ट होते ते पाहायचे, हे काम पशुवैद्यक म्हणून मी अनेक वर्षे करीत आलो आहे. मागच्या महिन्यात एका गोठ्यात मागच्या डाव्या सडाचा खण असाच घट्ट झाला, तेव्हा धार काढणाऱ्या काकूंनी आपला उजवा अंगठा पुढे केला. नखाच्या कडेला चीर पडून पू धरला होता. ‘‘या गायीपासूनच लागलं का हो, डॉक्टर?’’ त्यांनी विचारले आणि मी सवयीने मान डोलावली. ती मान मी घाईने डोलावली, असे मला परतीच्या वाटेवरच वाटू लागले.

कासदाह, म्हणजे आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात तो रोग, अनेक जंतूंमुळे होतो. त्यांतला एक मोठा गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा असून माणसाच्या नाकात निमूट राहणारा आणि गळवांत सापडणारा जंतूही हाच आहे. नाव एकच असले तरी त्याची घराणी निराळी आहेत. डीएनएच्या सुमारे २८ लाख अक्षरांचा त्याचा जनुकसंच पूर्ण वाचता येऊ लागल्यापासून दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजता येते आणि त्यावरून त्यांचा समाईक पूर्वज किती जुना असावा याचा अंदाजही बांधता येतो.

मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो तो घर बदलताना हा जंतू करीत असलेला सामानाचा हिशेब. माणसातल्या बहुतेक वाणांजवळ एका फाजने, म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूने, आणलेला जनुकांचा एक गट असतो. त्यातून बनणारी प्रथिने माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीला गुंगारा देतात, परंतु गायीच्या अंगात त्यांचा फारसा उपयोग नसल्यामुळे गायीतल्या वाणांत तो गट सहसा आढळत नाही. उलट, गायीतल्या अनेक वाणांजवळ तिच्या पांढऱ्या पेशी मारणारे एक खास विष असते. सीसी९७ हे गायींत जगभर आढळणारे घराणे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, या घराण्याने गुरांतून माणसांत किमान दोन स्वतंत्र वेळा उडी मारली आणि माणसांत आलेल्या शाखांनी तो फाज पुन्हा मिळवला.

एवढ्यावर थांबलो असतो, तर माझी मान डोलावणे बरोबर ठरले असते. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, झालेल्या कालगणनेनुसार या जंतूने माणसाकडून गुरांकडेही उडी मारलेली असून त्यांतली एक सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे गोपालन पसरत होते त्या काळातली आहे. क्षयाचेही तसेच. माणसाचा क्षय गायीकडून आला, असे पूर्वी मानले जाई. २००२ मध्ये दोन्ही जंतूंच्या जनुकसंचातले गळालेले तुकडे ताडून पाहिल्यावर गायीचा जंतू हाच जास्त तुकडे गमावलेला, उशिराचा वंशज निघाला, आणि ती समजूत मोडली.

इंग्लंडमधील प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे आहे. तेथे गोठ्याच्या टाकीतील दुधात मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या जातीच्या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस सापडला, पण त्याला ओळखणारी नेहमीची जनुक-चाचणी मात्र नकारात्मक येई. कारण त्याच्याजवळचे जनुक नेहमीच्या जनुकाशी साधारण ७० टक्केच जुळत होते. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले, पुढे त्याला मेक-सी हे नाव मिळाले, आणि जुने नमुने चाळल्यावर १९७५ मधील एका डॅनिश माणसाच्या नमुन्यातही ते सापडले. डेन्मार्कमधील दोन फार्मवर माणसाचा आणि जनावराचा वाण जवळजवळ अक्षरशः सारखा निघाला, फरक मोजक्या अक्षरांचा. त्या गोठ्यांपुरते देणेघेणे सिद्ध झाले. मूळ मात्र गायीत नव्हतेच. २०२२ च्या संशोधनाने ते हेजहॉग या काटेरी अंगाच्या छोट्या प्राण्यापर्यंत नेले (हे आपले साळिंदर नव्हे). त्याच्या कातडीवरची एक बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्ये सोडते. तिच्या शेजारी टिकून राहता राहता जंतूने हा प्रतिकार कमावला, आणि तोही एकोणिसाव्या शतकात, माणसाने पेनिसिलिन वापरण्यापूर्वी. गोठ्यातल्या प्रतिजैविकांच्या वारेमाप वापराला मी नेहमी बोल लावतो आणि तो लावणे मला आजही योग्यच वाटते, पण या एका जनुकाच्या जन्माचा दोष मात्र त्या वापराच्या माथी मारता येत नाही.

काकूंच्या अंगठ्यातला पू आणि सडातले दूध यांपैकी कशाचाही जनुकसंच वाचला गेलेला नाही, आणि आमच्या तालुक्यात तो वाचला जाण्याची शक्यताही नाही. अंगठा दुमडून सड दाबण्याच्या पद्धतीत चिरेला सड लागतो आणि सडाला चीर लागते. जंतूला दोन्ही वाटा मोकळ्या असतात. दोन दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा मी तसे सांगितले. अंगठा डॉक्टरांना दाखवा, तो बरा होईपर्यंत धार सूनबाईंना काढू द्या, आणि या गायीची धार सर्वांत शेवटी, असेही सांगितले. काकूंनी गायीच्या पाठीवर हात ठेवला, मग तो अंगठा पदराखाली घेतला आणि सुनेला हाक मारली.